गणपतीला येशील तेव्हा

प्रिय सुध्या,

आधी मनातल्या मनात शिव्या घालून घे. शिमग्यानंतर तुला एक धड मेसेज केला नाही मी, नुसते सुप्रभातवाले फॉरवर्ड, त्यातले पण अर्धे आईने माझ्या फोनवरून पाठवलेले. फोनच करणार होतो, पण घरात बोलता येत नाही आणि बाहेर पावसात रेंज नाही, म्हणून पडवीत बसून टाईप करतोय. लांबणार आहे. आईचे गुडघे आहेत तसे, माझी शुगर बॉर्डरवर, बाकी बरे.

विषय दादाचा आहे.

निसर्ग वादळ आलं होतं, ३ जून २०२०, दुसऱ्या दिवशी आडव्या पोफळींमध्ये हाच माणूस कोयता घेऊन उभा होता आणि तुला व्हिडिओ कॉल करून म्हणाला होता, ये मेल्या, शहाळी फुकट आहेत. म्हणूनच तर कुणाला काही कळलं नाही. यंदा तसं काही झालंच नाही रे! कर्ज आहे, ते कुणाला नाही? थ्रिप्स किडीने मोहोर गेला, तो सगळ्यांचाच गेला. पण दिवाळीनंतर माणूस हळूहळू बसतच गेला. आधी झोप उडाली, पहाटे तीनला उठून ओटीवर बसायचा, मग जेवण कमी झालं, मग वाडीत जाणं. आणि गेला तरी काय, एकदा मी बघितलं, पोफळीखाली पिकलेल्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला आणि हा त्यावरून चालत विहिरीवर गेला, तसाच परत आला, एक उचलली नाही. लहानपणी आपण सुपारी तुडवली म्हणून ज्याने आपल्याला फोक घेऊन वाडीभर पळवलं होतं तोच हा. मी स्मिताला तेव्हाच म्हटलं, हे आळसाचं काम नव्हे.

बाकीच्यांना आळसच वाटत होता. वादळात मोडला नाही तो आता काय मोडणार, असा सगळ्यांचा हिशोब. एका डॉक्टरने दोन महिने गॅसच्या गोळ्या दिल्या आणि ताकदीची इंजेक्शनं टोचली. आईने देवळात कौल लावला. तर गुरवकाका म्हणाले, देवाचं मी बघतो, तुम्ही ह्याला मोठ्या डॉक्टरला दाखवा. घे! तुझी ती गणेशोत्सवातली विज्ञानाची भाषणं वाया गेली, अक्कल शेवटी देवळातूनच आली.

मोठा डॉक्टर म्हणजे रत्नागिरी. आणि रत्नागिरीचं नाव काढलं की आपल्याकडे काय होतं ते तुला माहितीये, गणित चुकलं की सर म्हणायचे, रत्नागिरीला धाडू काय, आणि आपण सगळे फिदीफिदी. ते मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, म्हणजे तोच एक विनोद आपल्याकडे किती पिढ्या चाललाय बघ. दादा म्हणाला, मी काय येडा झालोय काय. मी वाद घातला नाही, म्हटलं झोपेचं औषध घेऊन येऊ, आणि ते खोटं पण नव्हतं.

मे संपता संपता तवसाळहून जयगडची फेरीबोट धरली, बाईक घेऊन. एरवी हा माणूस फेरीबोटीत चढला की खाडीतली होडी कुणाची, इंजिन कुठलं, कर्ज किती, सगळं सांगून डोकं खातो. त्या दिवशी बाईकच्या सीटवरचा हात काढला नाही आणि पाण्याकडे बघितलं पण नाही.

ओपीडी म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यासारखीच, केसपेपर, रांग, बाकडी. शेजारची आजी मला सुकट कितीला मिळते विचारत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. झोप, भूक, कामात लक्ष, सगळं विचारलं आणि मग त्याच आवाजात, जगणं नको असं वाटतं का? माझ्या पोटात गोळा. आणि दादा म्हणाला, वाटतं कधीकधी. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं म्हणाला रे. आमच्या दोघांच्या खोल्यांत एक भिंत आहे फक्त. घरात हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आपल्याला वाटतं विचारलं की ते डोक्यात भरेल. बाई म्हणाल्या तसं होत नाही, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. आणि खरंच, बाहेर आल्यावर त्याने स्वतःहून चहा मागितला.

गोळ्यांनी झोप आधी आली, मनाला महिना लागला. जुलैत एक दिवस जेवताना म्हणाला, लावणीला माणसं सांगितलीत का? आई पाणी आणायला म्हणून उठली ती परत आलीच नाही पानावर.

आता खरी भानगड ऐक. बरा दिसतोय म्हणून सगळ्यांना गोळ्या बंद करायच्यात. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायच्या आणि थांबवायच्या त्या त्यांना विचारून, हळूहळू. पण आई म्हणते सवय लागेल. वहिनीने पाकिटावरचं नाव नखाने खरवडलंय, डबा देवघरात अंगाऱ्यामागे, कारण गणपतीला चाकरमानी येणार आणि त्यात मुंबईची काकी, जी आल्या आल्या घरातले सगळे डबे उघडते. आणि आता दादाच म्हणतो, गणपतीत नको गोळ्या, विसर्जनानंतर बघू. विसर्जनानंतर काय बघणार? एकदा सुटल्या की सुटल्या, मी ओळखतो त्याला.

वहिनीच्या फोनमध्ये मी १४४१६ घालून ठेवलाय, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलतात. गॅस बुकिंग नावाने सेव्ह केलाय, काकी फोन पण बघते! आणि वहिनीने पहिला फोन केला तो स्वतःसाठी. न्हाणीघरामागे उभी राहून बराच वेळ बोलत होती. काय ते मी विचारलं नाही, पण त्या रात्री जेवली नीट.

तर सुध्या, तुझ्याकडे काम आहे. पुण्यात असताना तुला मध्यरात्री हार्ट अटॅक आला असं वाटलं होतं आणि ईसीजी नॉर्मल निघाला, आणि मग वर्षभर ज्या गोळ्या घेतल्यास त्या मला आणि तुझ्या बायकोला, वैनीला, सोडून कुणाला माहीत नाहीत. मी स्मिताला पण बोललेलो नाही, आईशपथ. येशील तेव्हा दादाला घेऊन विहिरीवर बस आणि ते त्याला सांग. किती महिने घेतल्यास, मधेच सोडल्यास तेव्हा काय झालं, ते पण. माझं तो ऐकत नाही, मी धाकटा, तू ठाण्यात फ्लॅट घेतलेला माणूस. मागणं जास्त आहे हे कळतंय. नाही म्हण, राग नाही येणार, फक्त "बघू" म्हणून गायब होऊ नकोस, बाईकच्या पैशांच्या वेळी झाला होतास तसा.

आणि तुझ्या विमा कंपनीत विचार, २०१७ च्या कायद्याने मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचाय ना, मग दादाच्या पॉलिसीचा एजंट हसतो का माझ्यावर?

चिमीचे दहावीचे क्लास कसे चाललेत? वैनीची बदली थांबली का? तुझ्या घोरण्याबद्दल तिचा मेसेज आला होता, ते भेटल्यावर. तिकीट मिळालं नाही तर एसटीने ये, पण काकीच्या आधी पोच.

तुझा,
मन्या

ता.क. वाडी कपच्या फायनलला मी रनचा कॉल दिलाच नव्हता. तू पळालास.