मेस्त्रीनू, पंपाआधी विचारलेल्या प्रश्नाबद्दल

ती. स्व. मेस्त्रीकाकांस,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला लिहितेय, पण चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं ठेवतेय. तुम्ही मोबाइल फक्त कानाला लावता, तेव्हा हे तुम्हाला नातच वाचून दाखवणार. तिला सांगा, घाई करू नको, मधलं काही गाळू नको. उघडं ठेवायचं कारण वेगळं आहे. गेल्या दोन वर्षांत चार-पाच जणांनी मला विचारलं, "ताई, घरं धुवायचं काम सुरू करतोय, कुठला पंप घेऊ?" त्यांना मी जे सांगते ते सगळं तुमच्या पंपदुरुस्तीच्या दुकानाच्या बाकड्यावर बसून ऐकलेलं. ते माझं म्हणून सांगत फिरणं मनाला बरं वाटेना.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या अकरा घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. मालक मुंबईला, मे महिन्यात आणि गणपतीला येणार. बाकीचं वर्ष घर बंद. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पडवीला फणसाचे नाहीतर सागाचे खांब आणि कठडा. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. माडाच्या सावलीतलं कौलांचं पाखं दोन पावसाळ्यांत हिरवं होतं, तिसऱ्यात काळं, आणि चौथ्यापासून त्यावर दगडफूल धरतं. गोड्या मसाल्यात शोभतं, कौलावर नाही.

आधी मी खराट्यानं आणि नारळाच्या काथ्यानं घासायचे. मग कुणीतरी म्हणालं, जेट मशीन आण, तासात घर चकाचक. गाड्या धुतात तसलं मशीन भाड्यानं आणलं. पहिल्या घरी पडवीच्या कठड्यावर धार मारली. काळं भराभर निघत होतं, खाली पिवळंधमक फणसाचं लाकूड दिसत होतं, मी खूश. सुकल्यावर हात फिरवला तर कठड्यावर मांजराच्या पाठीसारखी लव उभी. जिथे धार जवळून गेली होती तिथे बोटाच्या नखाएवढ्या खोल रेघा. साठ वर्षांचा कठडा, कुणा सुतारानं रंध्यानं गुळगुळीत केलेला, मी एका दुपारीत नांगरला. कौलांवर आणखी वेगळंच झालं. खालून वर मारलेली धार कौलाच्या जोडातून आत शिरली आणि माजघरातल्या पलंगावर पाणी. मालकांनी पैसे दिले, पण पुढच्या वर्षी किल्ली दुसरीकडे गेली.

तरीही अक्कल आली नव्हती. मला वाटलं, भाड्याचं मशीन हलकं होतं, आपण चांगल्यातलं घ्यावं. मोहोर संपून तुमच्याकडची गर्दी ओसरली होती. बागायतदारांचे एचटीपी, म्हणजे आंब्यावर फवारायचे मोठ्या दाबाचे पंप, ओळीनं उघडे पडले होते, तुम्ही पिस्टनचं वॉशर काढत होता. मी आले ती थेट किमतीवर. पंचवीस हजार जमवले होते. मोठ्यातला मोठा पंप कुठला, एवढंच विचारलं.

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्येच्यात काय घालतलंस गो?"

मी म्हटलं, पाणी.

"नुसता पाणी व्हया तर पावस काय वायट?"

मला तेव्हा राग आला होता, आज कबूल करते. पण बसून राहिले, आणि तुम्ही चहा सांगितलात.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मी असं लक्षात ठेवलंय. शेवाळ धारेनं काढायचं नसतं, औषधानं मारायचं असतं. मेलं की ते आपोआप सुटतं. म्हणजे पंपाला जोर लागतच नाही. लागतं ते अंग, आतून जाणाऱ्या औषधाला टिकणारं. मग प्रश्न किती ताकदीचा पंप हा राहत नाही, आतून काय वाहणार हा होतो. कौलाला वेगळं, लाकडाला वेगळं, आणि धुऊन सुकलेल्या लाकडाला लावायचं तेल तिसरंच.

शेजारच्या आंबेवाल्याचा एचटीपी मागून आणू का, हेही मी विचारलं होतं. तुम्ही हातच जोडलेत. एक तर त्याचा दाब कौलाचा जीव घेणार. दुसरं, त्या टाकीत आणि नळीत हंगामभराची कीटकनाशकं मुरलेली, ती लोकांच्या पडवीवर, मुलं बसतात त्या कठड्यावर कशाला? आणि तिसरं तुम्ही बोलून नाही, करून दाखवलंत. मुरांब्याच्या दोन रिकाम्या बाटल्यांत कौलासाठी वापरतात ते हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओतलंत. एकीत फवारणीच्या गनचं पितळी नोझल आणि साधी काळी रबरी रिंग टाकलीत. दुसरीत प्लास्टिकचं नोझल आणि एक तपकिरी रिंग. "आठ दिसांनी ये," म्हणालात.

आठ दिवसांनी मी आले. पितळेवर हिरवट पांढरा थर होता, खरवडला की खाली तांबूस. काळी रिंग चिमटीत धरली तर बोटं काजळ लावल्यासारखी काळी झाली आणि रिंग ताणताच तुटली. तपकिरी रिंग टाकली होती तशीच. ती वायटन नावाच्या रबराची, हे नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. त्या दोन बाटल्यांनी माझे पंचवीस हजार वाचवले, कारण मी घ्यायला निघाले होते त्या मशीनच्या आत सगळं पितळच होतं.

मग तुम्ही मला जुन्या पाठीवरच्या बॅटरी पंपातून १२ व्होल्टची मोटर काढून दिलीत. डायफ्रामवाली, म्हणजे आत रबरी पडदा हलणारी, मिनिटाला चारेक लिटर देणारी. आतले व्हॉल्व्ह बदललेत, गन सगळी प्लास्टिकची बसवलीत. मी म्हटलं, पाठीवर घेऊन शिडी चढीन. तुम्ही १६ लिटरची भरलेली टाकी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, आता त्या स्टुलावर चढ. चढले नाही. तेव्हापासून टाकी आणि बॅटरी खाली अंगणात, वर फक्त नळी. दहा मीटर उंचीला एक किलो दाब जातो, आपली वळचण-आढं पाच मीटरच्या आत, म्हणजे जेमतेम अर्धा किलो गेला, हा हिशेब तुम्ही खडूनं फळीवर मांडला होता. तो मी अजून प्रत्येकाला तसाच मांडून दाखवते. कौलांवर पाय ठेवायचा नाही, हेही तुमचंच. शिडी वाशाच्या टोकाला टेकवायची, तिथूनच मारायचं.

नोझलचं मात्र मला सगळ्यात उशिरा कळलं. आंब्यावर मारायचं नोझल गोल, पोकळ धुकं करतं. पानाच्या मागेपुढे बसायला ते बरं, पण हायपोचं धुकं वाऱ्यानं आपल्याच तोंडावर येतं. भिंतीला आणि लाकडाला चपटा पंखा हवा, जाड थेंबांचा. आढ्यापर्यंत पोचायला सरळ धारेचं. तुम्ही रंगावरून नोझलचं माप ओळखायला शिकवलंत: पिवळं शून्य-दोन, निळं शून्य-तीन, लाल शून्य-चार. तीन किलो दाबाला लाल नोझल मिनिटाला १.६ लिटर टाकतं, म्हणजे १६ लिटरची टाकी दहा मिनिटांत रिकामी. पिवळ्यानं तीच वीस मिनिटं पुरते. विश्वास बसला नाही म्हणून घरी बादली, दुधाचं माप आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन मोजलं. अगदी तेवढंच भरलं. आता दर हंगामाला मोजते. माप वाढलं की समजायचं, नोझलचं भोक झिजलं.

औषधाचं प्रमाण लोक फार विचारतात, म्हणून लिहून ठेवते. हायपो दहा-बारा टक्क्यांचं ताजं मिळालं तर एक भाग त्याचा, दोन-तीन भाग पाणी. वीस मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्यानं खाली उतरवायचं. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. साठा करायचा नाही, कारण उन्हाळ्यात कॅनमधला त्याचा जोर उतरत जातो. मी एकदा एप्रिलात आणलेलं मेअखेर मारलं आणि शेवाळ जसंच्या तसं. लाकडावर हायपो नाही. ते लाकडाचा रंग खातं, तंतू पांढरे करतं. लाकडाला डाग काढायची ऑक्सिजनवाली पूड कोमट पाण्यात, मऊ ब्रश, खालून वर लावत जायचं म्हणजे ओघळ उठत नाहीत. खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग उरतात ते लोखंडाचे. त्यांना फरशी पॉलिशवाले वापरतात ते ऑक्झॅलिक अॅसिड, पातळ करून, हातमोजे घालून. फणसाचा पिवळा रंग त्यानंतर जो उघडतो तो बघायला मी अजून दरवेळी पाच मिनिटं उभी राहते.

ऑक्सिजनवाली पूड बंद पंपात भरून ठेवू नको, तिच्यातून वायू सुटत राहतो, हे तुम्ही सांगितलं होतं. मी ठेवली. जेवायला बसलो आणि अंगणात पाच लिटरचा हातपंप बेडकासारखा फुगला. सेफ्टी व्हॉल्व्ह होता म्हणून शिट्टीवर भागलं. आता बादलीत कालवते, लागेल तेवढंच पंपात, उरलं तर ओतून टाकते.

आणि ते रंग. तीन पंपांना तुम्ही ऑइलपेंटनं पट्टे मारलेत: हायपोच्या पंपाला पांढरा, ऑक्झॅलिकच्या हातपंपाला पिवळा, तेलाच्या पंपाला तांबडा. मला ते पोरखेळ वाटले होते. गेल्या वर्षी संध्याकाळी आवरताना माझा धाकटा भाऊ उरलेलं ऑक्झॅलिक पांढऱ्या पट्ट्याच्या टाकीत ओतायला निघाला होता. आत हायपो होतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आम्ही बंद पडवीत उभे होतो. त्याचा हात थांबला तो पट्टा बघून. तो तुम्हाला कधी सांगायला येणार नाही, लाजतो. म्हणून मी लिहितेय.

एक गोष्ट तुम्हीही विसरला नसाल. पहिल्याच घरी तुमच्या पंपानं मी अर्धं पाखं उजळवलं. झाडांवर आधी पाणी मारायला, नंतरही मारायला सांगितलं होतंत. अबोली भिजवली, अनंत भिजवला, केळी भिजवल्या, विहिरीवर ताडपत्री टाकली. वृंदावन विसरले. ते पागोळीच्या बरोबर खाली होतं. तिसऱ्या दिवशी तुळस करपली. घरच्या आजी मे महिन्यात येणार होत्या. मी रडत तुमच्याकडे आले, पंपाचं काही नसताना. तुम्ही काही बोलला नाहीत. काकींना हाक मारलीत, आणि त्यांनी मागच्या दारातून मातीसकट एक रोप वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिलं. आजी आल्या तेव्हा त्याला मंजिऱ्या होत्या. त्यांना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "होऊ दे, कौलं बरी दिसतात." त्यांची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

आज अकरा घरं आहेत, भाऊ सोबत काम करतो, मे महिन्यात गावातल्या आणखी दोघींना रोजगार मिळतो. दिवस संपला की पाच मिनिटं साधं पाणी सगळ्या पंपांतून काढतो, गनची स्प्रिंग तपासतो, कारण गंजते ती तीच आधी. पहिल्या वर्षी बसवलेला डायफ्राम अजून चालतोय. या सगळ्याचे तुम्ही माझ्याकडून घेतले ते व्हॉल्व्हचे पैसे. मोटर जुनी होती म्हणालात, मजुरी पुढच्या वेळी म्हणालात. पुढची वेळ आठदा येऊन गेली.

काकींना नमस्कार सांगा. तुळशीचं बी ठेवलंय, त्यांना हवं होतं. आणि पिवळ्या पट्ट्याच्या हातपंपाची ट्रिगर पुन्हा गळायला लागलीय. बाजारच्या दिवशी घेऊन येते. मजुरी आधी टेबलावर ठेवणार, मग पंप.

कळावे,
तुमची,
अकरा किल्ल्यांवाली