नाव विचारून मारणाऱ्यांबद्दल

धुळे, १२ जानेवारी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज चार दिवसांपासून वाचतोय. फोन केला असता तर दोघंही चिडलो असतो, म्हणून पत्रच लिहायला बसलो. उत्तर आयर्लंडातल्या तुझ्या बेलफास्टच्या फॉल्स रोडवरच्या, म्हणजे कॅथलिक वस्तीतल्या, बंदूकवाल्यांची चित्रं रंगवलेल्या भिंतींचे फोटो पाहिले. त्याखाली तू लिहिलंस, ह्या पोरांनी बंदूक उचलली नसती तर कॅथलिकांना आजही कुणी विचारलं नसतं, आणि आपल्याकडेही कुणीतरी उचलायला हवी होती. पहिल्या वाक्यावर वाद घालता येईल. दुसऱ्यानं झोप उडवली.

तिथे अन्याय होता, हे आधीच कबूल करतो. तिथल्या डेरी शहरात वस्ती कॅथलिकांची जास्त, पण वॉर्डांच्या हद्दी अशा आखलेल्या की नगरपालिकेच्या वीसपैकी बारा जागा युनियनिस्टांना, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या, बहुतेक प्रोटेस्टंट असलेल्या पक्षालाच मिळायच्या. स्थानिक निवडणुकीत मत कुणाला, तर ज्याच्या नावावर घर आहे त्याला आणि त्याच्या बायकोला. घरं वाटणार तीच नगरपालिका! १९६८ च्या जूनमध्ये कॅलेडन गावात एका एकट्या प्रोटेस्टंट मुलीला सरकारी घर मिळालं आणि लेकुरवाळी कॅथलिक कुटुंबं तशीच राहिली, तेव्हा ऑस्टिन करी नावाचा आमदार त्या घरात जाऊन बसला. हे वाचताना मला शहादा तालुकाच दिसत होता.

पण तारखांचा क्रम बघ. ५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीत समान हक्कांसाठी निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ते साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. नोव्हेंबरमध्ये घरवाटपाला गुणांची पद्धत आणि डेरीची नगरपालिका बाजूला सारण्याचं आश्वासन मिळालं. पुढच्या एप्रिलमध्ये ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व मान्य झालं. प्रोव्हिजनल आयआरए, म्हणजे तुझ्या भिंतींवरच्या पोरांची सशस्त्र संघटना, जन्माला आली त्या वर्षीच्या डिसेंबरात. मोर्च्यातल्या मुख्य मागण्या तोवर सरकारनं तोंडानं तरी कबूल केल्या होत्या. पुढची जवळजवळ तीस वर्षं साडेतीन हजारांवर माणसं मेली, त्यांतली निम्म्याहून जास्त साधी माणसं. ती त्या मतासाठी मेली असं मला म्हणवत नाही.

आता तू म्हणशील, कबूल करणं वेगळं आणि देणं वेगळं. खरं आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये तुझ्या त्या भागातली बॉम्बे स्ट्रीट जाळली गेली. दारात पेटती बाटली घेऊन आलेल्याला अडवायला कुणी काठी घेतली, अगदी बंदूक घेतली, तरी मी त्याला बोल लावणार नाही. आणि ३० जानेवारी १९७२! विनाचौकशी तुरुंगवासाच्या विरोधात निघालेल्या मोर्च्यावर सैन्यानं गोळ्या घातल्या, तेरा जण तिथेच गेले, चौदावा काही महिन्यांनी. मारले गेले त्यांच्यापासून कुणाच्या जिवाला धोका नव्हता, हे अहवालात लिहून यायला आणि ब्रिटनच्या पंतप्रधानाला संसदेत माफी मागायला २०१० उजाडलं. त्या संध्याकाळी डेरीतल्या एखाद्या वीस वर्षांच्या पोराला ‘धीर धर’ म्हणून सांगायची माझी हिंमत झाली नसती. हे अवघड आहे आणि ते सोपं करून मांडायचा अधिकार मला नाही.

तरी उत्तर आयर्लंडातल्याच किंग्जमिलची गोष्ट वाच. ५ जानेवारी १९७६. आदल्या संध्याकाळी दोन कॅथलिक घरांत घुसून माणसं मारली होती, त्याचा कॅथलिकांच्या बाजूच्या बंदूकवाल्यांनी घेतलेला हा सूड. कापडगिरणीतून सुटलेल्या कामगारांची मिनीबस रस्त्यात अडवली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि विचारलं, तुमच्यात कॅथलिक कोण? एकच होता. सोबतच्या प्रोटेस्टंट कामगारांना वाटलं हे त्यालाच मारायला आलेत, म्हणून त्यांनी त्याला गप्प राहायला खुणावलं. बंदूकवाल्यांनी त्याला पळून जायला सांगितलं आणि उरलेल्या अकरांवर गोळ्या झाडल्या. दहा मेले. तुझे बाबा प्रताप मिलचा भोंगा झाला की डबा सायकलला अडकवून निघायचे, कपाळावर कापसाचं पांढरं तूस असायचं, आठवतं? तसलीच माणसं ती, पाळी संपवून घरी चाललेली. त्यांनी कुणाचं मत चोरलं होतं?

ही गोष्ट मला का लागते, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. २०१३ च्या जानेवारीत इथे दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, ते तुला माहीत आहे. त्याच दिवसांत मी गॅरेजवाल्या चाचांना मागे बसवून गाडीवर येत होतो. वळणावर पाचसहा पोरं उभी, हातात सळया. एकानं गाडीची चावीच काढून घेतली आणि विचारलं, "तुनं नाव काय शे?" आपल्या अहिराणीत, अगदी घरच्यासारखं. मी नाव सांगितलं. चावी परत हातात आली. मग त्यानं मागे बोट दाखवून तेच विचारलं. चाचांनी खोटं सांगितलं नाही. मी गाडी चालू केली. थांबलो नाही, मित्रा. त्यांचा उजवा हात मोडला. आजही पाना फिरवायचा तर मनगट न वळवता सगळं अंग वळवतात. मी पहिल्यांदा माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या गाडीचं ऑइल बदलून दिलं आणि पैसे मात्र मोजून घेतले.

त्या पोरांकडेही कारण होतं. ते मला ठाऊक आहे, म्हणूनच कारणांनी माझं समाधान होत नाही.

आता तुझं दुसरं वाक्य. माझे आजोबा सालदार होते, तू त्यांना पाहिलंयस. पीक संरक्षणाच्या नावाखाली मालकांनी पोसलेल्या राखणदारांचा मार त्यांनी खाल्ला होता. १९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत गोळीबार झाला तेव्हा त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही. ते अंबरसिंग महाराजांच्या मागे गेले. भजनं म्हणत गावोगाव फिरणारा हा भिल्ल माणूस गहाण पडलेल्या जमिनी परत मागायला लोकांना उभा करत होता. मग शेतमजुरांची श्रमिक संघटना आली, संप झाले, मजुरी वाढली. आजी बायकांच्या घोळक्यात शिरून हातभट्टीची मडकी फोडायची. ती हिंसा असेल तर असो, मला तिचा अभिमान आहे. ती सांगायची, भट्टीवाल्याची बायको रडायला लागली तेव्हा आम्ही सगळ्याजणी थांबलो, मडकी फोडून झाली होती आणि तिला आम्ही काही करणार नव्हतो. आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा १९७४ मध्ये झाला. अंमलबजावणी किती रखडली ते आमच्या सातबाऱ्याला विचार. पण त्या गावांत मालकाच्या नातवाबरोबर मी एकाच बाकावर बसून शिकलो आणि आमच्यात कुणाचा बाप मारल्याचा हिशेब नव्हता.

महाडची तर आपण दोघांनी मिळून पोस्टर चिकटवली आहेत. २० मार्च १९२७ ला लोक चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतले, मांडवात जेवायला बसले आणि त्यांच्यावर हल्ला झाला. डोकी फुटली. आपली माणसं संख्येनं काही कमी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना परतून मारू दिलं नाही. नाव विचारून हुसकावण्याच्या रीतीविरुद्ध ज्यांनी तळ्यावर पाय ठेवला, त्यांनीच नाव विचारून डोकं फोडलं असतं तर पुढे कुठल्या तोंडानं भांडले असते?

तू चिडला असशील. चीड, पण उत्तर दे. तुझ्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला विचार, १९६९ च्या मोर्च्यांत तो होता का, आणि नंतर काय झालं. तो काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहून पाठव, तुझं मत वेगळ्या कागदावर.

जुलैत येतोयस ना? ३१ तारखेला लळिंगला लांडोर बंगल्यावर जाऊ, बाबासाहेब राहिले होते तिथे, गर्दीतून चालत. गाडी आधी चाचांकडे न्यायची आहे, क्लच घसरतोय. तूही चल, त्यांना तुझी आठवण आहे.

तुझाच,
होस्टेलच्या सात नंबर खोलीतला