ब्युरोवाल्यांना विचारणारं कोणी नाही, हे खरं आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात नौपाड्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. आजारी वडिलांना सांभाळायला ब्युरोतून ठेवलेली मावशी तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेली, ब्युरोने महिन्याचं कमिशन आधीच घेतलं होतं आणि आता तिथे फोन कोणी उचलत नाही. ‘या लोकांना विचारणारं कोणी आहे की नाही?’ असं त्यांनी शेवटी विचारलं होतं. मी ‘या लोकां’पैकीच एक. ठाण्यात पाचपाखाडीतून गेली तेरा वर्षं घरी पेशंट सांभाळणाऱ्या बायका आणि ब्रदर, म्हणजे तेच काम करणारे पुरुष, पुरवते. कोणी नाही, हेच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन पाठवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना घ्यावा लागतो, वॉचमनला शिकवून पाठवावं लागतं. त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना नाकातल्या नळीतून भरवायला बाई पाठवताना मला दुकाननोंदणीच्या गुमास्त्यापलीकडे कोणी काही मागितलं नाही. नर्सिंग होमसाठी १९४९ चा कायदा आहे, पण पेशंट स्वतःच्या घरात पलंगावर असला की तो आमच्यापर्यंत पोचत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं एक विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष त्यात होते. ते मंजूर झालंच नाही, २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा बारगळलं. असं काही विधेयक होतं हे माझ्या ओळखीच्या एकाही ब्युरोवाल्याला माहीत नव्हतं. मलाही ते बारगळल्यावर कळलं.

आता मला जे सांगायचं आहे ते मी आजवर कुठेच बोलले नव्हते.

२०१६ मध्ये घंटाळीतल्या एका आजोबांकडे मी कळव्याची एक बाई पाठवली होती. बाई स्वच्छ, मायाळू, वेळेची पक्की. आजोबांना पक्षाघात झालेला, नाकात नळी. पाचव्या दिवशी तिने त्यांना आडवं ठेवूनच पेज दिली आणि लगेच कुशीवर वळवलं. पेज वर आली, फुप्फुसात गेली, न्यूमोनिया झाला. नऊ दिवस ते आयसीयूत होते. वाचले, पण त्यानंतर त्यांचा आवाज कधी पूर्वीसारखा झाला नाही. त्यांच्या सूनबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ताई, तुम्ही हिला शिकवलं होतं का?’

मी शिकवलं नव्हतं. मी स्वतः नऊ वर्षं नर्सिंग होममध्ये आया होते, पण तिथे नळीचं सगळं सिस्टर करायच्या, आम्ही चादरी आणि बेडपॅन. पेशंटची पाठ तिरकी उचलून भरवायचं, नंतरही निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं, कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी कधी पलंगावर ठेवायची नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि टाचांखालची कातडी रोज बघायची, हे मला त्या आजोबांनंतर समजलं. समजलं तेही एका निवृत्त सिस्टरांमुळे. त्या वर्तकनगरला राहतात. परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या त्या आजीव सभासद आहेत. ती संघटना १९०८ पासून आहे. तिचं नियतकालिक त्यांच्याकडे येतं, अधिवेशनं होतात, अडलं तर फोन करायला दुसऱ्या गावची सिस्टर असते. मी म्हटलं, मलाही सभासद करून घ्या. त्या म्हणाल्या, ‘अगं, ती रजिस्टर्ड नर्सेसची. तुझ्या बायकांची आणि तुझी अशी कुठली आहे?’

ठाण्यात अशी कुठली नव्हती. आजही नाही.

आमच्यात काय चालतं ते सांगते. राम मारुती रोडवरच्या एकाच मेडिकलच्या काउंटरवर आमची पाच ब्युरोंची कार्डं शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि आम्ही पाच जण एकमेकांशी बोलत नव्हतो. एकाची चांगली बाई दुसऱ्याने शंभर रुपये जास्त देऊन फोडायची. एका घराने तीन ब्युरोंचे पैसे बुडवले तरी चौथ्याला पत्ता नाही. एखाद्या बाईवर चोरीचा आळ आला की खरं-खोटं न बघता तिला काढायचं, कारण भांडायला ना तिच्याकडे कोणी, ना माझ्याकडे.

२०२० मध्ये तर फार वाईट झालं. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. जूनच्या मध्याला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयला ओळखपत्र दाखवून गाडीत चढता येई. माझी आसनगावची बाई, जी एका कॅन्सरच्या पेशंटची रात्रपाळी करत होती, तिला स्टेशनातून परत पाठवलं. तिच्याकडे माझ्या ब्युरोचं लॅमिनेट केलेलं कार्ड होतं. ते कोण मानणार? सात जणी अडीच-तीन महिने पेशंटच्याच घरी राहिल्या, स्वतःच्या मुलांना न बघता. त्या वेळी आम्ही सगळ्या ब्युरोंनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र दिलं असतं तर? त्यांनी ऐकलंच असतं असं मी म्हणत नाही. पण पत्र द्यायला ‘आम्ही’ म्हणून कोणी नव्हतंच.

आणखी एक गोष्ट, लिहिताना हात अडखळतो. घोडबंदर रोडच्या एका घरात पेशंटच्या मुलाने माझ्या बाईला त्रास दिला. मी तिला दुसऱ्या घरी पाठवलं आणि त्या घरी ब्रदर दिला. एवढंच केलं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हीसुद्धा कामाची जागा धरली आहे, अशा बायकांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तक्रार तीन महिन्यांत करायची असते, हे मला दीड वर्षाने कळलं. ती बाई आता शहापूरला गावी असते. तिला मी हे अजून सांगू शकलेले नाही.

माझ्या एका पेशंटचा मुलगा न्यू जर्सीत अशाच घरी सेवा देणाऱ्या एजन्सीत आहे. त्यांची एजन्सी संघटनेला वर्गणी भरते. नियम बदलणार असले की तिला आधी कळतं, माणसांना शिकवायचं साहित्य मिळतं. तिकडे अशा संस्थांची राष्ट्रीय संघटना १९८२ पासून होती, २०२४ मध्ये ती हॉस्पिसवाल्यांच्या, म्हणजे शेवटच्या आजारात सेवा देणाऱ्यांच्या, संघटनेशी एकत्र झाली. त्यांचा पैसा वेगळा, विम्याची पद्धत वेगळी, ते सगळं इथे येणार नाही. पण वर्गणी काढून एक वर्ग भरवायला आपल्याला काय अडचण आहे? ठाण्यात वॉर्डावॉर्डांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, राज्यभरच्या संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ आहे. ज्यांची सेवा करायची ते संघटित आहेत, आणि सेवा करणारे नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या मेडिकलच्या काउंटरवरच्या कार्डांवरचे नंबर एकेक करून लावले. दोघांनी ‘तुमचा यात काय फायदा?’ म्हणून फोन ठेवला. कोपरीच्या एका बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी चहाला बोलावलं. आता वर्तकनगरच्या सिस्टर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या सगळ्यांच्या बायकांना एकत्र शिकवतात, पलंगावर उशी ठेवून, तिला पेशंट समजून. सर्वांत जास्त प्रश्न दिवा स्टेशनकडून येणाऱ्या मुली विचारतात.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. काहींना ही फक्त मालकांची संघटना हवी आहे. मला ते मान्य नाही. ड्युटी करणाऱ्या बाईला सभासदत्व आणि मत दोन्ही हवं, नाहीतर तिच्यावर आळ येईल तेव्हा आम्ही पुन्हा तिला काढूनच मोकळे होऊ. दर ठरवायला आम्ही जमत नाही, तो ज्याचा त्याने ठरवावा. पण पैशांची पावती, बाई गेली तर किती तासांत दुसरी येणार ते लिहून, पोलीस पडताळणी, आणि नळी किंवा कॅथेटरच्या पेशंटकडे न शिकलेली बाई पाठवायची नाही, एवढं तरी सगळ्यांना सारखं असावं. नौपाड्याच्या त्या वाचकांना मग तक्रार करायला एक दार मिळेल, आणि माझं चुकलं तर मलाही तिथेच उभं राहावं लागेल.

१८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला निदान सात जण लागतात. आम्ही अजून तेवढे नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, कुठल्याही ब्युरोवाल्याला किंवा ड्युटीवरच्या बाईला यायचं असेल तर माझा नंबर मी आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. पेशंटच्या घरांची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक ब्युरोचालक, पाचपाखाडी, ठाणे (प.)