मंत्रीसाहेब, शिशाचा ९० पीपीएमचा नियम इंडस्ट्रियल पेंटलाही लावा

मा. केंद्रीय पर्यावरण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी बडोद्याचा, मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) आमचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, जिने, शेडचे ट्रस, आणि मधूनमधून सोसायट्यांच्या बागेतले झोके-घसरगुंड्या. लिहितोय ते या शेवटच्या कामामुळे.

तुमच्या मंत्रालयाने २०१६ मध्ये नियम काढला, नोव्हेंबर २०१७ पासून लागूही झाला, की घरगुती आणि डेकोरेटिव्ह पेंटमध्ये शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको आणि डब्यावर तसं छापायचं. चांगलंच केलंत. पण इंडस्ट्रियल पेंट बाहेर ठेवलात, आणि हा फरक फाइलीत दिसतो, दुकानात नाही हो! एकाच काउंटरवर दोन्ही डबे मिळतात, मशीनच्या गार्डसाठी आणलेला पिवळा उरला की तोच घसरगुंडीला मारला जातो, कोण बघतंय. आणि घोळ नेमका पिवळ्या-केशरी रंगातच, कारण त्यातलं लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिगमेंट, स्वस्त, शेड झगझगीत, कव्हरिंग मस्त, उन्हातही टिकतं. पेंटर खूश, सोसायटी खूश, पोरं मात्र तेच हात तोंडात घालतात. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे डब्ल्यूएचओ कधीचं सांगतंय.

रिपेंटिंगचं तर विचारूच नका. जुना कोट ग्रायंडरने उडवायचा, तोंडाला रुमाल, धूळ सगळीकडे, आणि तेच कपडे घालून माणूस घरी जातो, घरी लहान मूल. मोठ्या कामाच्या स्पेकमध्ये एसए अडीच ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने लोखंड साफ करण्याचा दर्जा) असतं, सुकलेल्या रंगाचा थर किती मायक्रॉन तेही मोजून घेतात, पण शिशाबद्दल एक ओळ आमच्या हातात आलेल्या कागदात मी तरी वाचलेली नाही.

पर्याय नाहीत असंही नाही. पिवळ्यासाठी बिस्मथ व्हॅनाडेट आणि ऑरगॅनिक अशी बिनशिशाची पिगमेंट आहेत, महाग पडतात हे खरं. प्रायमरमध्ये शेंदरी रेड लेडऐवजी (तेही शिसंच) झिंक फॉस्फेट चालतं, त्याला आयएस १२७४४ हे भारतीय मानक आहे. (आयएस २०७४ चा झिंक क्रोमवाला रेड ऑक्साइड हाही काही साधुसंत नाही, त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम हे विषारी क्रोमियम असतं, पण ते पत्र वेगळं.) फिलिपिन्सने घरगुती पेंटला २०१६ अखेरपर्यंत आणि इंडस्ट्रियलला २०१९ अखेरपर्यंत मुदत देऊन दोन्हीकडे ९० पीपीएमच लावलं.

आपणही तसंच टप्प्याने करा, आमच्यासारख्यांना जुना स्टॉक संपवायला वेळ द्या. तोवर निदान इंडस्ट्रियल डब्यावर शिशाचा आकडा आणि 'खेळणी, झोके, घरातल्या ग्रिलसाठी नाही' एवढं मोठ्या अक्षरात छापणं सक्तीचं करा, तेही गुजराती, मराठी, हिंदीत, कारण डबा उघडणारा पेंटर इंग्रजी वाचत बसत नाही.

आपला,
मकरपुऱ्याचा एक फॅब्रिकेटर