काका, तुम्ही चष्मा काढून ठेवलात त्याबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसापाण्याचं बोलायला लागता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. थांबवून दाखवा.

बाकीच्यांना थोडक्यात सांगते. आमच्या बाथरूमचा टफन्ड काचेचा दरवाजा रात्री अडीच वाजता आपोआप फुटला. सगळे झोपलेले, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे धावत वर आले. माझी नऊ वर्षांची लेक संध्याकाळी आंघोळ करून येताना तो दरवाजा जोरात लावून आली होती, आणि ते तिनेच रडत रडत सांगितलं, झालं. बसवून देणारा माणूस म्हणाला, "मॅडम, काच अशी आपोआप फुटत नसते," आणि सरळ तिच्याकडे बघितलं. पुरवठादाराने व्हॉट्सॅपवर दोन फोटो बघून निकाल दिला, ग्राहकाकडून हाताळणीत चूक. शेजारच्या एका गृहस्थांनी मुलांना वळण लावण्यावर भाषण दिलं. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा तिला दोनदा विचारलं, नक्की किती जोरात लावलास म्हणून. त्यानंतर ती फ्रिजचं दारसुद्धा दोन्ही हातांनी धरून हळू लावायची. ते बघवत नव्हतं.

मग मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. जन्मभर कॉलेजात दगडाच्या पातळ चकत्या कापून मायक्रोस्कोपखाली ठेवलेला माणूस, रिटायर झाला तरी घरी एक जुना मायक्रोस्कोप बाळगून आहे, एवढीच माहिती. तुमचं पहिलं वाक्य होतं, "झाडू मारू नका!" आडोशासाठी चिकटवलेल्या फिल्ममुळे अर्धीअधिक काच तशीच लटकत होती म्हणून वाचलो, नाहीतर सगळा चुरा कचऱ्यात गेला असता. भेगा जिथून चहूकडे पसरल्यात तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे शेजारी शेजारी असतील ते शोधा म्हणालात. होते की!

तुमच्याकडे आलो तर मी पुढे होऊन डोळा लावायला गेले, आणि तुम्ही मला हाताने थांबवलंत. स्टूल ओढलंत, त्यावर उशी ठेवलीत आणि लेकीला म्हणालात, "आधी तू. आरोप तुझ्यावर आहे ना."

काका, बाकी सगळं विसरेन, हे नाही विसरणार.

आधी तुम्ही तिला चांगल्या काचेचा तुकडा दाखवलात. काय दिसतंय? काही नाही. "बरोबर, काचेत काही दिसतच नाही!" मग दोन पोलरॉइड (प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं पुढे सोडणाऱ्या फिल्म) आडवेतिडवे करून त्यांच्यामध्ये आधी क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, कण फिरवलात, तो एका फेरीत चारदा उजळला, चारदा काळा झाला. काच कितीही फिरवली तरी काळीच. क्वार्ट्झमध्ये अणू कवायतीला उभे असतात आणि काचेत जत्रेतल्या गर्दीसारखे, हे तिला इतकं पटलं की घरी येऊन बाबांना दोनदा सांगून झालं. मग म्हणालात, ताण पडला की हीच काच उजळते, थांब. आणि डोळ्यावरचा जाड काचेचा चष्मा काढून टेबललॅम्पवर दोन पोलरॉइडच्या मध्ये धरलात. "मला आता काही दिसत नाही, तू सांग." ती म्हणाली, काळी फुली आहे, पतंगाच्या कामट्यांसारखी, आणि मधे मधे उजेड. "म्हणजे माझी काच पण टफन्ड. तापवून वर गार हवा मारलेली. बाहेरून आवळलेली, आतून ताणलेली." तुम्ही डोळे बारीक करून भिंतीकडे बघत बसला होतात आणि ती तुम्हाला तुमचाच चष्मा वर्णन करून सांगत होती!

मग आमचा तुकडा. फुटलेल्या कडेवर, जाडीच्या साधारण मधोमध, पितळी झाक असलेला एक गोल ठिपका, टाचणीच्या डोक्याहून कितीतरी बारीक. त्याच्याभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग, त्यापुढे धुकट, त्यापुढे खरबरीत. दरवाजा आपटून फुटला असता तर सुरुवात कडेला किंवा पृष्ठभागावर चेचल्याच्या खुणेपासून झाली असती, इथे ती पोटातून झाली होती. काच वितळवताना निकेल आणि गंधक एकत्र आलं की असा खडा राहतो, टफन करताना झटकन गार केल्यामुळे तो गरम असतानाच्या रूपातच अडकून बसतो, आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे हळूहळू रूप बदलत २ ते ४ टक्के फुगतो. कधीतरी रात्री अडीचला. कारखान्यात २६० ते २९० अंशांच्या आसपास तापवून ठेवलं तर अशा बऱ्याचशा काचा तिथेच फुटतात म्हणे. आमच्या बिलावर त्याचा उल्लेख नव्हता, आता कळलं विचारायला.

मी उत्साहात म्हटलं, लिहून द्या ना, निकेल सल्फाइड म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, काचेवर आधी बहुधा कार्बनचा किंवा सोन्याचा पातळ थर द्यावा लागतो, "मला जेवढं दिसलं तेवढंच लिहिणार, की सुरुवात आतून झाली आणि बाहेरून मार लागल्याची खूण नाही." ज्यांनी दोन फोटोंवरून निकाल दिला त्यांना हे वाक्य फ्रेम करून पाठवायची इच्छा आहे. इतकी वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावलेला माणूस इतकं जपून बोलतो आणि काही न बघणारे छातीठोक बोलतात, काय म्हणायचं. साधी माणसं असतात अजून, फक्त ती सेल्समध्ये नसतात बहुतेक.

पैसे परत मिळायचे तेव्हा मिळतील, त्याचं मी बघते.

लेकीने त्या दोन तुकड्यांची डबी कापूस घालून कंपासमध्ये ठेवलीय. तुमच्या कपाटावरच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या काचेत बुडबुडे आणि शिरा दिसतात म्हणाला होतात, ते बघायचं राहिलं म्हणून रोज विचारते. रविवारी चारला येतो. चहा मी थर्मासमधून आणते, तुम्ही फक्त उशी काढून ठेवा.