विषय: काळ्या दारूने (ब्लॅक पावडर, जुनी बंदुकीची दारू) अडकणारं तुमचं रिव्हॉल्व्हर आणि तुमच्या सेवा विभागाची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व वॉरंटी विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या माणसाचा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. यापुढे फोन करणार नाही. जे काही ठरेल ते लेखी ठरेल.

माल तुमचाच आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. .४५ कोल्ट, साडेपाच इंची नळी, आणि बेस पिन (सिलिंडर जिच्यावर फिरतो ती दांडी) धरून ठेवायला सांगाड्याच्या पुढच्या बाजूला स्क्रू, १८७३ च्या मूळ कोल्टला असायचा तसा. आडव्या खटक्याचं मॉडेलही तुम्ही विकता आणि ते स्वस्त आहे. मी जास्तीचे पैसे मोजून स्क्रूवालं घेतलं, कारण काळ्या दारूच्या काळातलं अस्सल रूप म्हणून तुमच्याच कॅटलॉगने ते मला विकलं. त्या पानावरच्या फोटोत नळीतून पांढऱ्या धुराचा लोट निघालेला आहे. धूररहित (स्मोकलेस) दारूचा असा लोट निघत नाही. फोटोसाठी काळी दारू चालते आणि तक्रार आली की चालत नाही, हे मला मान्य नाही.

तक्रार अशी. काळ्या दारूची काडतुसं वापरली की एक-दोन फेऱ्यांत सिलिंडर जड होतो. पुढे घोडा ओढताना अंगठ्याला कळ लागते आणि शेवटी सिलिंडर जागचा हलत नाही. बेस पिन हाताने निघत नाही, लाकडी ठोकणीने ठोकून काढावी लागते. बाहेर येते तेव्हा तिच्यावर काळी, टणक खपली चढलेली असते. त्याच खोक्यातली काडतुसं माझ्या क्लबातल्या मित्राच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दिवसभर चालतात. ते रिव्हॉल्व्हरही तुमचंच, हेच मॉडेल, काही वर्षांपूर्वी घेतलेलं.

दोन्ही सिलिंडर बाजूबाजूला ठेवून पाहिले. त्याच्या सिलिंडरचं बुशिंग, म्हणजे बेस पिनभोवतीचं कडं, पुढच्या तोंडाबाहेर कॉलरसारखं उठून आलेलं आहे, मूळ कोल्टला असतं तसं. माझं सपाट. नळी आणि सिलिंडरमधल्या फटीतून प्रत्येक बाराला गरम वायू आणि राख बाहेर फेकली जाते. कॉलर असेल तर ती राख कॉलरवर अडून बाजूला जाते. नसेल तर थेट बेस पिनवर बसते. काळ्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे उरतो, आणि इथे ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत ती राख लगेच कडक होते. भरीला तुम्ही फट इतकी आवळलीत की फीलर गेजची दोन हजारांश इंचाची पातीच जेमतेम जाते. धूररहित दारूला ती उत्तम. काळ्या दारूला पाच-सहा हजारांश लागतात, नाहीतर सिलिंडरचं तोंड नळीला घासतं. कॉलर काढली कधी, का काढली, ग्राहकाला सांगितलं का? हाच माझा प्रश्न आहे आणि तो मी तुमच्या प्रत्येक माणसाला विचारला आहे.

काडतूस भरण्यात खोट काढू नका. काडतुसाच्या पुंगळीत मोकळी जागा न ठेवता दारू गोळीखाली किंचित दाबून बसवलेली असते. गोळी मऊ शिशाची, खोल खोबणीची, आणि खोबणीत मधमाशीचं मेण व चरबी भरलेली.

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधींनी आधी विचारलं, दारू नळीच्या तोंडातून ठासता का? मी म्हणालो, हे काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आहे, तुम्हीच बनवलेलं. मग म्हणाले, काळी दारू फार जोरदार असते, रिव्हॉल्व्हर फुटेल, म्हणून वॉरंटी बाद. मी शांतपणे सांगितलं की तुमच्या नळीवर ज्या काडतुसाचं नाव कोरलं आहे ते काळ्या दारूसाठीच निघालं, ४० ग्रेन दारू आणि २५५ ग्रेनची गोळी. खुद्द कोल्टने या रिव्हॉल्व्हरला धूररहित दारूची हमी द्यायला १९०० साल उजाडलं. ताकदीचा इथे प्रश्नच नाही, प्रश्न राखेचा आहे. त्यावर ते म्हणाले, "तुमच्या देशात अजून ही जुनी दारू वापरत असतील. इथे आम्ही कधीच पुढे गेलो."

मी साताऱ्याचा. ॲरिझोनात संसार केला, इथेच नेमबाजी शिकलो, इथल्याच काउबॉय स्पर्धांत उतरतो. काळ्या दारूच्या काडतुसांचा स्वतंत्र गट त्या स्पर्धांत आहे आणि त्यात उतरणारे बहुतेक जण इथेच जन्मलेले आहेत. ज्या दारूवर या देशातल्या या रिव्हॉल्व्हरचं नाव झालं, ती माझ्या गावाहून आणलेली असल्यासारखं मला ऐकवलं गेलं. हे वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. काढून ऐका.

आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. म्हणाले, "मग त्याच मापाने साधी स्मोकलेस भरा, प्रश्न मिटला." मी परत विचारलं, त्याच मापाने? ते म्हणाले, हो, पुंगळी भरून. महोदय, काळ्या दारूच्या मापाने पिस्तुलाची धूररहित दारू पुंगळीत भरली तर सिलिंडरच्या चिंधड्या उडतील आणि त्याबरोबर माणसाचा हातही जाईल. शेजारी उभ्या माणसाचा डोळा जाईल. मला ते कळलं म्हणून मी तसं करणार नाही. उद्या नवखा कुणी फोन करेल आणि तुमच्या कंपनीचा सल्ला म्हणून तसंच करेल, त्याची जबाबदारी कोण घेणार? माझं रिव्हॉल्व्हर दुरुस्त करायच्या आधी हे थांबवा. आजच थांबवा.

बाकीचा सल्ला होता की पेट्रोलियम तेल भरपूर मारा. काळ्या दारूच्या राखेत ते तेल मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो. ती राख पाण्याने सुटते, साबणाच्या गरम पाण्याने. मी घरी आल्याबरोबर तेच करतो आणि नंतर चांगलं कोरडं करतो. तुमच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. काळी दारू वापरू नये, अशीही ओळ नाही. मग वॉरंटी बाद कशाच्या आधारावर?

परत सांगतो, कारण फोनवर कुणी ऐकून घेतलं नाही: बिघाड दारूचा नाही. कॉलर तुम्ही काढलीत. मित्राच्या रिव्हॉल्व्हरला ती आहे आणि ते चालतं, माझ्याला नाही आणि ते अडकतं.

मला उठावदार बुशिंगचा सिलिंडर, फट पाच-सहा हजारांशवर बसवून, तुमच्या खर्चाने हवा आहे. जमत नसेल तर रिव्हॉल्व्हर परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. स्मोकलेस भरायला सांगणाऱ्या माणसाला फोनवरून उठवा आणि तसं झाल्याचं मला लेखी कळवा. ते माझ्या देशाबद्दल जे बोलले त्याची माफीही लेखी हवी, फोनवरची नको.

महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक तक्रार विभागाकडे हेच पत्र जाईल, सोबत दोन्ही सिलिंडरचे फोटो आणि मापं. क्लबात तुमचं हे मॉडेल घ्यायला निघालेले लोक आहेत. त्यांना मी थांबायला सांगितलं आहे, आणि विचारतील त्यांना कॉलरही दाखवणार आहे. तुमच्या जुन्या मालावर माझा विश्वास होता म्हणूनच मी नवा घेतला होता.

पावतीची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक