त्या रात्री थांबलेल्या दोघांचे आभार

शर्यतीची दुसरी रात्र, पहाटेचे तीन. आमच्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. आमच्या शर्यतीत अंधारात सायकलस्वाराने पाठीमागच्या गाडीच्या उजेडातच चालवायचं असतं. गाडी थांबली की त्यालाही थांबावं लागतं. त्यात कडेच्या भुसभुशीत मातीत जॅक रुतायला लागला. घामाने भिजलेला आमचा गडी थंडीने कुडकुडत उभा. थांबल्यावर अंग किती झपाट्याने गार पडतं, हे सोबत केलेल्यालाच कळतं.

तेवढ्यात दुसऱ्या संघाची गाडी थांबली. त्यांचा सायकलस्वार मागच्या सीटवर झोपला होता. दादांनी जॅकखाली फळी सरकवली आणि चाक बदलून होईपर्यंत टॉर्च धरून बसले. ताईंनी आमच्या गड्याला पांघरूण दिलं, त्याचे ओले हातमोजे काढून स्वतःच्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर पसरले, मधूनमधून उलटवले. निघताना ते ऊबदार मोजे त्याच्या हातात चढवून दिले. एवढं कोण बघतं हो!

नावं विचारायची राहिली. आम्ही शर्यत पूर्ण केली. दादा, ताई, मनापासून आभार. तुमची फळी आमच्याकडेच राहिलीय, जपून ठेवली आहे.